पश्चिमेस गेलेलें एक घराणें

१८५२ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांतून पांच बैलगाड्या पश्चिमेकडे निघाल्या. गाड्या जॉन टकर स्कॉट यांच्या. बरोबर पत्नी अॅन, नऊ मुलें व कांहीं आप्तेष्ट. जावयाचें होतें ऑरेगन प्रांतीं, दोन हजार मैलांहून अधिक दूर. त्या वाटेवर आगगाडी तेव्हां नव्हती. ऑरेगनांत वस्ती करणारास फुकट जमीन देण्याचा कायदा १८५० सालीं झाला होता. ती जमीन मूळच्या रहिवाश्यांची होती, याची पर्वा कायद्यानें केली नव्हती. जमिनीच्या आशेनें हजारों कुटुंबें या वाटेला लागलीं होतीं.

बारा बाळंतपणांनीं अॅनची प्रकृति पार खालावली होती. तरी नवऱ्याबरोबर तिला निघावें लागलें. बाईच्या जन्माचे कष्ट तिनें पुरते भोगले होते. मुलगी झाली कीं तिला रडूं येई. दुसरी मुलगी अबिगेल हिला तिनें लहानपणींच सांगून टाकलें होतें कीं, तिच्या जन्माचें आपल्याला फार दुःख झालें. हे शब्द अबिगेल जन्मभर विसरली नाहीं.

प्रवासांत रोजनिशी लिहिण्याचें काम वडिलांनीं सतरा वर्षांच्या अबिगेलकडे सोंपविलें. रोजची मजल, गवतपाण्याची सोय, वाटेंत दिसलेलीं थडगीं, असें सारें ती टिपून ठेवी. त्या वर्षीं वाटेवर पटकीची साथ होती. २० जून रोजीं, लॅरमी किल्ल्याच्या पुढें, तिच्या आईलाच पटकीनें गांठलें व तिचा अंत झाला. वाटेच्या कडेस तिला मूठमाती देऊन गाड्यांस पुढें निघणें भाग होतें. आईच्या मृत्यूची नोंदहि मुलीनेंच केली. ऑगस्टांत धाकटा भाऊ विली गेला. ऑक्टोबरांत उरलेलें कुटुंब ऑरेगनांत पोंचलें.

पुढच्याच वर्षीं अबिगेलचा विवाह बेंजामिन डनिवे नांवाच्या शेतकऱ्याशीं झाला. कांहीं वर्षांनीं बेंजामिन एका मित्रास जामीन राहिला व त्यानें कर्जरोख्यांवर सही केली. मित्रानें कर्ज फेडलें नाहीं. डनिवे यांचें शेत गेलें. ज्या व्यवहारांत संसार बुडाला, त्यांत पत्नीची संमति घेण्याची कायद्याला गरज वाटली नव्हती. बुडालेल्या संसाराचा भार मात्र तिच्यावर आला. कारण लवकरच घोडे उधळून झालेल्या अपघातांत बेंजामिन कायमचा जायबंदी झाला.

अबिगेलनें आधीं शाळा चालविली, मग ऑल्बनी गांवीं बायकांच्या टोप्यांचें दुकान घातलें. गिऱ्हाइकें टोप्या पाहतां पाहतां आपलीं गाऱ्हाणीं सांगत. कोणाचा नवरा घरचें सामानसुमान विकून परागंदा झालेला. कोणी लोणी विकून मुलींच्या कपड्यांसाठीं जमविलेले पैसे नवऱ्यानें शर्यतीच्या घोड्यावर उडविलेले. अशीच एक हकीकत ऐकून ती उद्विग्न होऊन घरीं आली. तेव्हां बायकांस मताचा हक्क मिळाल्यावांचून हें पालटणार नाहीं, असें तिला सुचविलें तें बेंजामिननेंच, हें ऐकून श्रोत्यांस कदाचित् नवल वाटेल.

१८७१ सालीं पोर्टलंड शहरीं तिनें ‘न्यू नॉर्थवेस्ट’ हें साप्ताहिक काढलें. मुलगे खिळे जुळवीत, बहीण कॅथरीन संपादनास हातभार लावी. सोळा वर्षें हें पत्र चाललें. परंतु सर्वांत कठीण विरोधक घरांतलाच निघाला. धाकटा भाऊ हार्वे, ज्यानें चौदाव्या वर्षीं तीच वाट तुडविली होती व आईला त्याच वाटेवर गमावलें होतें, तो ‘ऑरेगोनियन’ या बलाढ्य पत्राचा संपादक होता. आणि त्यानें आपली लेखणी स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध चालविली. १८८४, १९००, १९०६, १९०८ आणि १९१०, असें पांच वेळां पुरुष मतदारांनीं ही मागणी फेटाळली. १९१० सालींच हार्वे वारला.

१९१२ सालीं सहाव्या खेपेस मागणी मान्य झाली. तिचा जाहीरनामा लिहिण्याचें काम गव्हर्नर ओसवल्ड वेस्ट यांनीं अबिगेलकडेच सोंपविलें. साऱ्या देशांतील स्त्रियांस हा हक्क १९२० सालीं मिळाला, तेव्हां ती हयात नव्हती. १९१५ सालींच तिचें देहावसान झालें होतें. पण तो जाहीरनामा तिनें स्वहस्तें लिहिला. संसार बुडविणाऱ्या कागदावर जिची सही कोणी मागितली नव्हती, तिनें अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं या कागदावर गव्हर्नरांच्या बरोबरीनें आपली सही केली.