जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा आस
(हीरक महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



चेन्नईच्या नैर्ऋत्येस, तळ्यांच्या आणि भातशेतीच्या प्रदेशात ओरगडम वसले आहे. आज तेथे मालमोटारी, मोटारी आणि मोटारसायकली तयार होतात. वाहनांची कसोटी घेणारे ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटरही तेथेच आहे. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि हे केंद्र यांचा विकास एकाच राष्ट्रीय योजनेतून झाला. आपल्या मुलांनी अशा ठिकाणी काम करावे, असे स्वप्न पालक पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेले यंत्र पुढे कोणाच्या हाती टिकते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

चेन्नईतील टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी 1960 साली स्थापन झाली. महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने 1963 मध्ये कंपनी काढली आणि 1965 मध्ये बी-275 हा ट्रॅक्टर बाजारात आणला. म्हणजे ही यंत्रे आपल्या शाळेच्याच पिढीची. त्या पिढीतील एखादा ट्रॅक्टर आजही एखाद्या वाड्यासमोर उभा दिसतो. इंजिन एका झटक्यात सुरू होते, पण सुकाणू हातात ठरत नाही आणि पुढची चाके डुगडुगतात. दुखणे असते ते पुढच्या आसात.

हा आस मधोमध एका जाड पिनेवर तोललेला असतो. त्यामुळे एक चाक बांधावर चढले तरी ट्रॅक्टरचे धड फारसे कलत नाही. आसाच्या दोन्ही टोकांना चाक वळवणारे खुंट असून ते बुशांमध्ये फिरतात. खुंटावर हब आणि हबच्या आत शंकूच्या आकाराच्या रोलरांची दोन बेअरिंगे असतात. त्यांची निमुळती टोके एकमेकांकडे वळलेली असल्यामुळे वरचा भार आणि वळणावरचा आडवा रेटा ती दोन्ही पेलतात. या बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांना 1898 मध्ये मिळाले. ते मूळचे घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. गाडीचे दुखणे जाणणाऱ्या माणसालाच त्यावरचा उपाय सुचला.

दुरुस्तीची सुरुवात पान्याने होत नाही, सावधगिरीने होते. ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून मागच्या चाकांना ठोकळे लावावे लागतात. जॅकने पुढचा भाग उचलल्यावर खाली भक्कम घोड्या दिल्याच पाहिजेत. केवळ जॅकच्या भरवशावर यंत्राखाली शिरणारा माणूस आपला जीव एका छोट्या तेलसीलवर टांगतो. पाच मिनिटे वाचवण्याच्या नादात एखादे घर कायमचे उघडे पडू शकते.

त्यानंतर निदान. चाक वर-खाली धरून हलवताना नजर हबच्या मागे ठेवावी लागते. खुंट स्थिर असून हब हलत असेल तर दोष बेअरिंगचा. खुंटच हलत असेल तर बुश झिजलेले. हा फरक न ओळखता नवे बेअरिंग बसवले तर पैसे जातात आणि डुगडुग तशीच राहते.

हब उतरवला की बहुधा खरे कारण समोर येते. भाताच्या चिखलणीत चाके गाऱ्यात बुडतात, झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते आणि ग्रीस दुधाळ होते. गंजलेला रोलर आपल्या वाटीवर खड्डे पाडतो. कोरडे बेअरिंग तापून निळसर पडते. असे दिसल्यास रोलर आणि वाटी दोन्ही जोडीने बदलावी लागतात. जुन्या वाटीत नवा रोलर फार दिवस तगत नाही. खुंट आणि हबची पोकळी रॉकेलने धुऊन, पुसून, बेअरिंगच्या फटीफटीत हाताने ग्रीस भरायचे आणि सील नवेच घालायचे.

शेवटी नट. येथे कसलेला मिस्त्री ओळखू येतो. हब फिरवत फिरवत नट आवळायचा. फिरणे जड झाले की, त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, किंचित मागे घ्यायचा. फार आवळला तर बेअरिंग जळते, सैल सोडला तर ते ठोके खाते. योग्य खाच जुळली की त्यातून नवी कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडायचे. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला जी खीळ असते, तीच ही. किंमत काही रुपये. पण ती विसरली तर उसाने भरलेली ट्रॉली ओढताना भर रस्त्यात चाक निखळू शकते.

हे सारे शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण आहे. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची खोड आपल्या शिक्षित समाजाला जडली आहे. वस्तुतः ज्याने निदानाआधी पाना उचलला नाही, तो विज्ञानाचा विद्यार्थी होय. ज्याने कोणी पाहत नसतानाही कॉटर पिन नवीच घातली, तो नीतीचा विद्यार्थी होय. प्रगतिपुस्तकात याचे गुण लिहिले जात नाहीत, हे प्रगतिपुस्तकाचे न्यून आहे.

साठ वर्षांची संस्थाही अशाच आसावर चालते. रंगरंगोटी सर्वांना दिसते, वंगण कोणाला दिसत नाही. ते घालणारे शिक्षक, शिपाई आणि पालक यांना या महोत्सवात कृतज्ञ वंदन. आपल्या शाळेतून ओरगडमला यंत्र घडवणारे जावोत, आणि गावात ते निगुतीने राखणारेही निपजोत. दोघांनाही शाळेने सारख्याच अभिमानाने आपले म्हणावे.