काचेच्या बाटलीतील औषधी झाड



आपल्या खांब परिसरात बेहडा कोणाला ठाऊक नाही? त्याचे फळ औषधात जाते. फळे वेचली तरी झाड उभे राहते. परंतु ज्या झाडाचे औषध मुळात असते, त्याचे काय?

सह्याद्रीत नरक्या नावाचे असे एक झाड आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यापासून बनविलेली औषधे आज रुग्णांना दिली जातात. मात्र मागणी वाढली, तशी झाडे मुळासकट काढली जाऊ लागली. झाड वाढावयास वर्षे लागतात. तोडावयास एक सकाळ पुरते.

येथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडते. झाडाचा कोवळा शेंडा किंवा डोळा घेऊन तो जंतुरहित करतात. बाटलीत साखर, क्षार व वाढीची संप्रेरके घालून, आपल्या घरी चायना ग्रास म्हणतात त्याने घट्ट केलेल्या खाद्यावर तो ठेवतात. एका डोळ्यातून अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा वाढवितात. मग मुळे आणवून रोपे सावलीत हळूहळू बाहेरच्या हवेस सरावतात. नरक्यावर असे प्रयोग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले आहेत.

हे काम सोपे नाही. वृक्षाचा तुकडा पुष्कळदा काळा पडतो, बुरशी येते, कोंबाला मुळे फुटत नाहीत. शिवाय एकाच झाडाची सारी रोपे गुणाने सारखी, तशीच दोषानेही सारखी. एक रोग सर्वांना पुरेसा होईल. म्हणून रानातील बियांची झाडे राखलीच पाहिजेत. मूळ झाडच उरले नाही, तर बाटलीत ठेवावयास डोळा कोठून आणणार?

पालकांनो, मुलीला दहावीनंतर विज्ञान शिकावयाचे असेल तर तिला अडवू नका. या कामास अंगबळ नको. स्वच्छ हात, बारीक नजर आणि चिकाटी हवी. विद्यार्थी मित्रांनो, या पावसाळ्यात आपल्या रानातील दहा औषधी झाडे ओळखून वहीत लिहा. त्यांचे फळ, पान, साल की मूळ उपयोगी पडते, तेही नोंदवा. ज्याचे मूळ वा साल जाते, त्याची काळजी आधी घ्या.