अडीनडीचें धान्य

कोंकणांत व मुंबई बेटावर पावसाळा तोंडावर आला कीं आगोटीच्या खरेदीची लगबग घरोघर सुरू होत असे. ओढे-नाले भरून वाहूं लागले, गलबतांची ये-जा थांबली, म्हणजे चार महिने बाजार दुरावणार हें ठाऊक असल्यामुळें तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सुकी मासळी व सरपण यांची भरती अगोदरच होई. पुढें पक्के रस्ते झाले, कोपऱ्यावर वाण्याचें दुकान आलें, आणि शहरांतल्या घरांतून कणगी गेली, तिच्यामागून कोठीची खोलीही गेली. आज सुशिक्षित कुटुंबांत आठवड्याचा शिधा असला तरी पुष्कळ. या निश्चिंतपणाला धक्के मात्र बसले आहेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापूरकडील कित्येक घरें दिवसचे दिवस पाण्यांत राहिलीं. आणि २५ मार्च २०२० पासून तर पावसाचा थेंब नसतांही साऱ्या देशाला घरांत बसावें लागलें.

तेव्हां १५ दिवस पुरेल इतका शिधा प्रत्येक घरीं असावा, ही अपेक्षा कांहीं मोठी नव्हे. हिशेब शाळेंतल्या पाढ्यांइतका सोपा आहे. ४ माणसें आणि १५ दिवस, म्हणजे ६० माणसांचें एका दिवसाचें जेवण. माणशीं रोज सुमारें ३५० ग्रॅम धान्य धरलें तर २१ किलो, आणि ७५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलें तर साडेचार किलो होतें. तेल, मीठ, गूळ यांचा अंदाज घर चालविणाऱ्याला कोणी सांगावयास नको.

परंतु हे २१ किलो कशाचे, या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होतें. कोठींत गहूं भरलेला आहे, पण वीज गेली कीं गिरणी बंद. आणि जातें तर बहुतेक घरांतून अडगळींत पडलेलें, किंवा शोभेसाठीं दिवाणखान्यांत मांडलेलें! पीठच दळून ठेवावें तर तें फार टिकत नाहीं. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें, कारण तिच्यांतील स्निग्धांश दळल्यावर खवट होऊं लागतो. यास्तव या सांठ्यांत तांदूळ व डाळच अधिक असावी. आणि चूलही पेटली नाहीं तर? अशा वेळीं पोहे, चुरमुरे, डाळें, भाजलेले शेंगदाणे, गूळ, मेतकूट आणि सातूचें पीठ हींच कामास येतात. जुन्या बायकांनीं प्रवासाच्या शिदोरीसाठीं योजिलेले हे जिन्नस डबाबंद बिस्किटांहून कोणत्याही दृष्टीनें कमी नाहींत.

पाण्याचीही तजवीज हवी. पिण्यास व रांधण्यास माणशीं रोज ४ लिटर धरल्यास चौघांना ३ दिवसांस ४८ लिटर लागतें. पूर आला असतां स्वच्छ पाण्याचाच तुटवडा आधीं पडतो.

खरें कसब मात्र सांठवणुकींत आहे. धान्यांतील ओलावा शेंकडा १२ च्या आंत असावा. दाणा दांताखालीं कटकन् फुटला म्हणजे तो वाळला असें समजावें. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोंक पाडून आंत अंडें घालते आणि तें भोंक वरून बुजविते. त्यामुळें निर्मळ दिसणारें धान्य महिन्याभरानें एकाएकीं वळवळूं लागतें. दोष डब्याला दिला जातो, पण पाहुणा पिशवींतूनच आलेला असतो. गहूं व कडधान्यें कडक उन्हांत घालावीं, पण लगेच भरूं नयेत. गरम दाणा कोंडला कीं झांकणाला आंतून पाणी सुटतें. तांदूळ उन्हांत घालूं नये. दाणा तडकतो व त्याची कणी होते. डबा घट्ट झांकणाचा आणि कांठोकांठ भरलेला असावा, म्हणजे आंत हवा थोडी राहते. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर पुरता वाळलेला; ओला पाला आपला ओलावा धान्यालाच देतो. कडधान्यांना एरंडेलाचा हात लावण्याची चाल चांगली आहे. पाऱ्याच्या गोळ्या मात्र वर्ज्य कराव्या. कोठारांत वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरांत आणूंच नयेत. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून विषारी वायु निघतो, आणि बंद खोलींत झोपलेलीं माणसें त्यानें दगावलेलीं आहेत.

अडचणीचा म्हणून निराळा पेटारा भरून ठेवला कीं तो विसरला जातो. रोजच्याच डब्यांत थोडी अधिक भर ठेवावी, डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी, जुनें आधीं खर्चावें, नवें मागें सारावें. नदीकांठच्या गांवीं डबे माळ्यावर असावेत. पुराच्या पाण्यांत भिजलेलें धान्य वाळवून खाण्याचा मोह काटकसरी घरांना होतो. परंतु त्या पाण्यांत गटारांची घाण मिसळलेली असते, तें टाकलेंच पाहिजे. बुरशी चढलेल्या शेंगदाण्यांचेंही तसेंच. त्यांतील विष धुतल्यानें अथवा भाजल्यानें पुरतें जात नाहीं; ते गुरांनाही घालूं नयेत.