समुद्रकांठीं पायगाडीची वाट



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या अकरा वर्षांच्या नातीनें मला एक प्रश्न विचारला. तिला नवी सायकल मिळाली होती. ती जिन्याखालीं उभी होती, आणि उभीच राहिली होती. "आजोबा, ही चालवायची कुठें?" एवढाच तिचा प्रश्न. इमारतीच्या अंगणांत मोटारी उभ्या, फाटकाबाहेर मोटारी धांवत्या, आणि फाटकाबाहेर सायकल न्यावयाची नाहीं अशी तिच्या आईची सक्त ताकीद. मी उत्तर देऊं गेलों आणि अडलों. तिन्ही अंगांस खारें पाणी आणि उत्तरेस डोंगर व रान अशी ही मुंबई नगरी. तींत एका मुलीनें तासभर निर्धास्तपणें चाकें फिरवावीं अशी जागा कोणती, हें मला चटकन् सांगतां येईना. त्यानंतर आम्हां दोघांनीं जी शोधाशोध केली, तिचा वृत्तांत आज आपणांपुढें ठेवतों.

ह्या शहराला पायगाडीचें वावडें आहे असें मात्र नव्हे. १९२३ सालीं येथूनच सहा पारशी तरुण सायकलीवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. त्याच तिघांना आज वांद्र्याहून वरळीस जाण्याची इच्छा झाली असती, तर सागरी सेतूच्या तोंडाशींच शिपायानें त्यांस माघारें फिरविलें असतें. २००९ सालीं खुला झालेला साडेपांच किलोमीटरांचा हा सेतु, आणि २०२४ सालीं न्हावाशेव्याकडे गेलेला जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतु, हे दोन्ही सायकलीस वर्ज्य आहेत. कारण सुरक्षिततेचें सांगतात, आणि धांवत्या मोटारींचा वेग पाहिला म्हणजे तें पटतेंही. पण समुद्रावर बांधलेल्या अशा वाटेच्या एका अंगास हातभर कठडा घालून चिंचोळी पट्टी सायकलीसाठीं राखतां आली नसती काय, हा विचार कांहीं मनांतून जात नाहीं.

मग राहतो तो जुना मरीन ड्राइव्ह. सुमारें साडेतीन किलोमीटरांचा हा अर्धचंद्र अगदीं सपाट आहे, आणि नवशिक्याला त्याहून चांगली जागा सांपडणें कठीण. फक्त तेथें मोटारी नसाव्यात. २०२२ च्या मार्च महिन्यांत पोलिसांनीं हा प्रयोग करून पाहिला. रविवारीं सकाळीं आठ ते दहा ह्या वेळांत मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा कार्टर रस्ता, मुलुंडचा नळरस्ता असे कांहीं रस्ते वाहनांस बंद करून नागरिकांस मोकळे केले. मुलें खडूनें रस्त्यावर चित्रें काढीत होतीं, बायका दोऱ्यांवरून उड्या मारीत होत्या, सायकलींच्या घंटा वाजत होत्या. आठवड्याचे तास १६८. त्यांतील दोन तासांचें हें राज्य! तरी त्या दोन तासांनीं एक गोष्ट सिद्ध केली, कीं रस्त्याला मोटारीवांचूनही शोभा येते.

रस्त्यावर रंगाची पट्टी ओढून सायकलमार्ग होतो, ह्या समजुतीचें काय होतें तें पाहावयाचें असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे पाहावें. २०११ सालीं तेथें सुमारें तेरा किलोमीटरांची मार्गिका केली. पण राहण्याचें घर एकीकडे, आगगाडीचें स्टेशन दुसरीकडे आणि मार्गिका मधल्यामधेंच, अशी तिची स्थिति. जेथें कोणी सायकल घेऊन पोंचतच नाहीं तेथें ती चालविणार कोण? हळूहळू तिच्यावर मोटारी उभ्या राहूं लागल्या, आणि २०२५ सालीं ती काढून मोटारींचा रस्ता रुंद करण्याचें ठरलें. मला त्याचें फारसें दुःख झालें नाहीं. जी वाट कोठून कोठेंच जात नाहीं ती मोडली काय आणि राहिली काय.

पवईच्या तलावाची गोष्ट मात्र थोडी विस्तारानें सांगावयास हवी, कारण तिनें माझें मत पालटलें. तलावाच्या कांठाकांठानें सायकलींची व चालणाऱ्यांची वाट करावयाची अशी महानगरपालिकेची योजना होती. ती ऐकली तेव्हां मी आनंदित झालों. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस झाडी, आणि मोटार नांवाला नाहीं. आणखी काय पाहिजे? कामास आरंभही झाला. जाळ्यांत दगड भरून ते पाण्याच्या कडेस रचूं लागले. तेव्हां शेजारच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील दोन संशोधक विद्यार्थी न्यायालयांत गेले. पवईच्या तलावांत मगरी आहेत. त्या उन्हास येऊन पडतात त्या कांठावर, आणि अंडीं घालतात तींही कांठाच्याच मातींत. पाणथळ जागा म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाणी जेथें कधीं येतें व कधीं ओसरतें ती ओली कडही तिच्यांतच मोडते, आणि भर पडणार होती ती नेमकी त्या कडेवर. ६ मे २०२२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ही वाट बेकायदेशीर ठरविली आणि घातलेली भर काढून जागा पूर्ववत् करावी असा हुकूम दिला.

ही हकीकत मीं नातीस सांगितली तेव्हां ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, "मगरीला दुसरीकडे कुठें जातां येत नाहीं ना?" नाहीं. आम्हांला जातां येतें. सायकल हें निरुपद्रवी वाहन खरें, पण तिच्यासाठीं केलेली वाट निरुपद्रवी असेलच असें नाहीं, हें मला त्या दिवसापर्यंत सुचलें नव्हतें.

असेंच दुसरें एक ओझें तानसेच्या नळांवरही आहे. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस येत आहे. त्या प्रचंड नळांच्या कडेनें मुलुंडपासून दक्षिणेकडे ३९ किलोमीटर लांब हिरवी सायकलवाट करण्याची योजना २०१७ सालीं पुढें आली. अद्याप तिचे तुकडेच काय ते सिद्ध झाले आहेत. नळरस्त्यावर मोटारींस मुळांतच कामाशिवाय प्रवेश नाहीं, म्हणून कल्पना उत्तम. पण ती जागा मोकळी झाली ती तेथील झोंपड्या उठवून, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबें माहुल येथें कारखान्यांच्या शेजारीं पाठविलीं गेलीं. तेथील हवेविषयींची त्यांची तक्रार न्यायालयापर्यंत पोंचली, आणि त्यांस माहुल येथें राहण्याची सक्ती करतां येणार नाहीं असा निर्णय २०१९ सालीं झाला. मुलुंडच्या त्या तुकड्यावर आम्ही दोघेंही सकाळीं जातों, तेथें सावलीही चांगली आहे; परंतु ही हकीकत ठाऊक असून जातों.

आतां बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरांहून मोठें हें रान शहराच्या पोटांत असावें हेंच एक आश्चर्य. दरवाज्याशीं सायकली भाड्यानें मिळतात. तेथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत पांच-सहा किलोमीटर वाट आहे. शेवटचा चढ छातीस लागतो, तेथें खुशाल उतरून सायकल हातानें ढकलावी. त्यांत लाज कसली? वाटेनें उद्यानाची वाहनें येतात-जातात, तेव्हां ती सर्वस्वी मोटारमुक्त नव्हे. खाऊची पिशवी पुढें टांगूं नये, कारण माकडें ती आपलीच समजतात. सोमवारीं उद्यान बंद असतें, हेंही आधींच सांगून ठेवतों. आम्ही एका सोमवारीं बंद दरवाजा पाहून परत आलों आहों.

मात्र आम्हां दोघांस खरा आनंद सांपडला तो ओल्या वाळूंत. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून मनोरीस होडी जाते, आणि तींत सायकल चढवितां येते. ओहोटीनंतर उघडी पडलेली पाण्यालगतची वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. कोरड्या वाळूंत चाक रुततें, ह्या वाळूवर तें सरसर पळतें. पण वेळ साधली पाहिजे, आणि ती कशी साधावी हें आपल्या किनाऱ्यावरील कोळी कधींपासून जाणतात. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं सहाच्या सुमारास समुद्र भरलेला, त्या दिवशीं सकाळीं जाऊं नये. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीच्या आधीं साधारण सवासहा तास ओहोटी, म्हणजे पहाटे पांचला पाणी सर्वांत दूर. पुढें रोज ही वेळ सुमारें पाऊण तासानें सरकते. तेव्हां पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन गेल्यावरचे दोन-तीन दिवस हे सकाळच्या फेरीस उत्तम; उजाडतांना वाळू उघडी असते, आणि ह्याच दिवसांत उधाणामुळें पाणी जास्तींत जास्त मागें हटतें. हिशेब ढोबळ आहे, म्हणून छापील वेळापत्रकाशीं ताडून पाहावा. आणि पावसाळ्यांत ह्या वाटेस जाऊंच नये. दुपारीं समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, त्यापूर्वीं परतावें. आणखी एक, घरीं आल्याबरोबर सायकल गोड्या पाण्यानें धुवून साखळीस तेल द्यावें. आम्ही प्रथम हा आळस केला, आणि आठवड्याभरांत साखळी तांबडी झाली.

सागरी किनारा रस्त्यालगतचा नवा विहारपथ १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांस खुला झाला आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. साडेसात किलोमीटरांपैकीं सवापांच किलोमीटर प्रथम उघडले. रस्त्याखालून भुयारी वाटेनें तेथें जावें लागतें. सायकलीची सोय असावी हा संकल्प ह्या योजनेंत प्रथमपासून होता. संध्याकाळीं तेथें माणसांची गर्दी फार. मुलांना घेऊन जावयाचें तर सूर्योदयाची वेळ धरावी, आणि चालणाऱ्यांस घंटा देण्यापेक्षां वेग कमी करावा. पलीकडे मोटारींचा घोष अखंड चालू असतो, पण अलीकडे येण्यास त्यांस वाट नाहीं.

नातीनें आतां भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तिथींभोंवतीं निळ्या पेन्सिलीनें वर्तुळें काढून ठेवलीं आहेत. तिची पाढ्यांची तक्रार बंद झाली; पाऊणकी तिला माझ्यापेक्षां लवकर येते. येत्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेस मार्व्याची पहिली होडी धरावयाची असें ठरलें आहे. पाण्याची बाटली व हवा भरण्याचा पंप तिच्याकडे. तेलाची कुपी व चिंधी माझ्याकडे.