"मले सिझरच करून द्या"

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला होता. वेळ संपली म्हणून तो तसाच राहिला. एका लेकीनं विचारलं होतं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं बरोबर आहे, साधं बाळंतपण होईल. पण मले सिझरच पाहिजे. मागता येते का तसं?" दोघी-तिघी हसल्या. एक आजी म्हणाली, "आमच्या टायमाले तं दुपारपर्यंत वावरात निंदन केलं अन् सांजेले मोकळी झालो." ती लेक मग खाली मान घालून बसली. तिची ती मान काही माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज याच विषयावर बोलते.

मी 29 वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होते. आधी माझीच चूक सांगते. दर्यापूरकडची एक तेवीस वर्षांची बाई तपासणीला यायची. दुसरी खेप होती. बाळाचं डोकं खाली, रक्त 11, बीपी चांगलं. डॉक्टरांनी कार्डावर साधं बाळंतपण लिहिलं. ती मात्र दर खेपेला म्हणायची, "सिस्टर, मले सिझरच करून द्या." एक दिवस गर्दी होती, मी वैतागलेली होते. म्हणून बसले, "पोट फाडून घ्यायची एवढी काय हौस आहे तुले?" त्यानंतर तिनं मागणं बंद केलं. आणि येणंही बंद केलं.

पुढं कळलं की घरच्यांनी गळ्यातली पोत मोडली आणि तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं 37 वा आठवडा लागताच ऑपरेशन झालं. बाळाला नीट श्वास घेता येईना, दहा दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पोरगं वाचलं, आता शाळेत जातं. लसीकरणाच्या वेळी ती भेटली तेव्हा मी विचारलं, "काऊन गं, एवढा हट्ट कायचा होता?" ती म्हणाली, "पहिल्या खेपेले दोन दिवस कळा देल्या. लेकरू रडलंच नाई. मले कोणी इचारलंच नाई ना सिस्टर." तिच्या कार्डावर पहिल्या बाळाची नोंद होती, बायांनो. मीच लिहिली होती ती.

सिझर मागणारी बाई लाडावलेली असते, असं आपण पटकन म्हणून जातो. विचारून पाहिलं की मागे काहीतरी निघतं. कुणाचं बाळ दगावलेलं असतं. कुणाला फार टाके पडलेले असतात आणि वर्षभर बसताना त्रास झालेला असतो. कुणाला प्रसूतीच्या खोलीत कुणी वाईट बोललेलं असतं, हात उचललेला असतो. कुणी बहिणीचं बाळंतपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. धारणीकडच्या बाईला तर रस्त्याचंच भेव असतं. अमरावती तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे घाट, त्यात पावसाळा. रात्री अडलं तर काय करायचं, हा प्रश्न काही खोटा नाही. पण प्रत्येक भीतीवर इलाज ऑपरेशनच असतो असंही नाही. रस्त्याची भीती असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी दवाखान्याजवळ जाऊन राहता येतं. मेळघाटात काही आरोग्य केंद्रांत त्यासाठीच 'माहेरघर' आहे. एकटेपणाची भीती असेल तर प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक बाई असू द्यावी असं सरकारचंच धोरण आहे, ते मागा. कळांची भीती असेल तर काही दवाखान्यांत पाठीत सुई देऊन कळा कमी करता येतात. तुमच्या दवाखान्यात ती सोय आहे का, ते आधी विचारून ठेवा.

आता डॉक्टर नाही का म्हणतात, तेही ऐका. सिझर म्हणजे पोट आणि पिशवी दोन्ही कापून शिवणं. रक्त जास्त जातं, आणि आपल्याकडे आठ-नऊ रक्त असलेल्या बाया काही कमी नाहीत. टाक्यात पू होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. सगळ्यात मोठी गोष्ट पुढच्या खेपेची. वार जुन्या टाक्याच्या जागी रुतून बसण्याचा धोका दर सिझरनंतर वाढत जातो, आणि तसं झालं तर जिवावर बेततं. म्हणून जिला अजून दोन लेकरं हवी आहेत, तिचा हिशेब वेगळा. आणि घरी गेल्यावर सहा आठवडे जड उचलायचं नाही. कापसाचं गाठोडं नाही, पाण्याचा हंडा नाही. घरी पाणी कोण भरणार, हे दवाखान्यात जायच्या आधीच ठरवायला पाहिजे.

उलट बाजूही आहे. पूर्वतयारीनं, दिवसा, रक्ताची सोय करून केलेलं सिझर आणि रात्री दोन वाजता धावपळीत केलेलं सिझर, यांत फरक असतो. म्हणून एखाद्या बाईनं सगळं समजून घेऊन तेच मागितलं, तर तिला वेडी ठरवू नये. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी 2011 साली सूचना निघाली. बाईशी नीट बोलल्यावर, भीतीवर मदत देऊन झाल्यावरही ती सिझरच म्हणत असेल तर करून द्यावं, आणि त्या डॉक्टरला करायचं नसेल तर दुसऱ्याकडे पाठवावं. आपल्याकडे डॉक्टरवर तशी सक्ती करता येत नाही. पण बोलायला लावता येतं, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं.

आपल्या सुप्रीम कोर्टाचा 2008 चा एक निकाल आहे. एका बाईला भूल दिलेली असताना तिच्या आईची सही घेऊन तिची पिशवी काढली होती. कोर्टानं सांगितलं की सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या बाईची स्वतःची संमतीच लागते, आईची चालत नाही. आणि संमती घ्यायच्या आधी काय करणार, धोका काय, दुसरा उपाय कोणता, हे तिला सांगायला पाहिजे. म्हणजे कागद सासूपुढे किंवा नवऱ्यापुढे सरकवला तर म्हणा, "आधी मले वाचून दाखवा."

खाजगीत गोष्ट बहुतेक उलटीच असते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांतल्या 100 बाळंतपणांत 47 सिझर निघाले, सरकारीत 14. तिथं मागण्याआधीच तारीख मिळते. त्यात कुणी पंचांग घेऊन येतं, लेकराला अमुक मुहूर्त पाहिजे म्हणून. मी असल्या बापांना फार बोललेली आहे, आता नाही बोलत. तारीख तुम्ही मागा की डॉक्टर देवोत, एक आकडा लक्षात ठेवा, 39. दुसरं काही कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण व्हायच्या आधी ठरवून सिझर करू नये. बाळाची फुप्फुसं तोवर पिकत असतात. दर्यापूरच्या त्या पोराचं तेच झालं होतं.

पैशाचं म्हणाल, तर 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा फुकट आहे. औषध, रक्त, तपासण्या, सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं. अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, पोत मोडायची गरज नाही. आणि काही जणी नसबंदी एकदमच होऊन जाईल म्हणून सिझर मागतात. त्यासाठी सिझर लागत नाही. साध्या बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत लहानशा छेदातून ती होते.

मागायचं कसं? कळा सुरू झाल्यावर ओरडून नाही. सहाव्या-सातव्या महिन्यातच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, त्या दिवशी जा. सोबत एक बाई न्या, कारण भीतीपोटी अर्धं ऐकूच येत नाही. "सिझर करा" इथून सुरुवात केली तर डॉक्टर "गरज नाही" म्हणून मोकळे होतात. आधी भीती कायची ते सांगा. मग विचारा, माझ्या बाबतीत साध्यात धोका काय, सिझरमध्ये काय, आणि मधेच अडलं तर किती वेळात ऑपरेशन होईल, भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कधी कधी डॉक्टर स्वतःच जागा बदलायला सांगतात. आणि उत्तर पटलं, मन बदललं, साधंच करू म्हणालात, तरी त्यात तुमची हार झाली असं काही नाही.

ती बैठकीतली लेक परवा घरी आली होती. तिला सातवा लागला आहे. येत्या 9 तारखेला नणंदेला घेऊन अचलपूरला जाणार आहे. वहीच्या पानावर तिनं लिहून ठेवलं आहे, तिथं गेल्यावर विसरायला होते म्हणून. पान मला दाखवलं. पहिलीच ओळ होती, "मागच्या खेपेले काय झालं ते आधी सांगतो, मंग तुम्ही सांगा."