टाकीतला क्रेफिश कुणग्यात जाऊ देऊ नका

(पिंगुळी परिसरातील शेतकऱ्यांसाठी भाषण)



काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळायची हौस आता खेड्यापाड्यांतही आली आहे. माशांबरोबर दुकानातून कधी एक निळा किंवा लालभडक प्राणी घरी येतो. अंग कोळंबीसारखं आणि पुढे कुर्लीसारखे दोन डेंगे. हा क्रेफिश. आपल्या देशात हा मुळात नाही. लाल जात अमेरिकेच्या दक्षिण भागातली आणि मेक्सिकोची आहे.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या हौशीचा आणि शेतीचा काय संबंध? संबंध मेरेचा आहे. लाल क्रेफिश ओल्या मातीत खोल बीळ करतो. बिळातून कुणग्यातलं पाणी निघून जातं. कोवळा तरवाही तो कुरतडतो. जपानात १९२७ साली बेडकांचं खाद्य म्हणून हा प्राणी नेला, तो सुटला आणि भातशेतीत पसरला. शेवटी १ जून २०२३ पासून तिथे त्याची विक्री आणि मोकळ्या पाण्यात सोडणं कायद्याने बंद झालं. घरात पाळायला मात्र मुभा ठेवली. दुसरी एक ठिपक्यांची जात १९९५ च्या सुमारास जर्मनीत हौशी लोकांच्या टाक्यांत आढळली. तिच्यात सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय पिल्लं होतात. म्हणजे एक सुटली तरी पुरे! मादागास्करच्या भातखाचरांत ती आज पसरली आहे.

आपल्या कुर्ल्याही मेरेला भोकं पाडतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात ही नवी भर कशाला? शिवाय कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रेफिशच्या अंगातून येऊ शकतो. खाडीकाठच्या कोळंबी तलावांना तो परवडणारा नाही.

तेव्हा घरात क्रेफिश असेलच, तर पुढील काळजी घ्यावी.

१. टाकी : एका टाकीत एकच ठेवावा. दोन ठेवले तर भांडतात, आणि कात टाकलेला मऊ असताना दुसरा त्याला खातो. टाकी अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच असावी. पाणी काठापासून चार बोटं खाली ठेवावं.

२. झाकण : हीच मुख्य गोष्ट. क्रेफिश काचेवर चढत नाही, पण हवेची नळी आणि विजेची वायर धरून वर येतो, तेही रात्री. झाकण घट्ट बसणारं हवं, वर वजन ठेवावं. नळी जिथून आत जाते ती फट स्पंजाने बुजवावी.

३. वीज गेल्यावर : पावसाळ्यात वीज जाते, हवेचा पंप थांबतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की प्राणी बाहेर पडायची धडपड करतो. म्हणून टाकीत एक दगड पाण्याच्या वर डोकावेल असा ठेवावा.

४. पाणी : जांभ्याच्या भागातलं पाणी मऊ असतं, त्यात चुना कमी. कवच घट्ट व्हायला चुना लागतो. शिंपल्यांचे धुतलेले तुकडे टाकीत घालावेत. टाकलेली कात काढू नये, तो ती खातो. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालावं.

५. तांबं आणि औषधं : तांबं ह्या जातीला विष आहे. माडा-पोफळीवर बोर्डो मिश्रण मारलेली बादली टाकीसाठी वापरू नये, तांब्याच्या कळशीत पाणी साठवू नये. डासांचा फवारा त्या खोलीत मारू नये.

६. खाणं : उकडलेली भाजी, पालापाचोळा, कधी माशाचा लहान तुकडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकावं. लपायला मातीचं फुटकं मडकं द्यावं.

टाकी रिकामी दिसली तर घाबरू नये. कल्ले ओले असतील तोवर तो पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो. भिंतीच्या कडेला, न्हाणीत, हंड्यामागे पाहावं. रात्री जमिनीवर ओलं फडकं टाकून ठेवावं. ओलाव्यासाठी तो त्याखाली शिरतो. धरताना डेंग्यांच्या मागे पाठीवर धरावं. आणि न्हाणीचं पाणी परसातून व्हाळाला जात असेल, तर मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आजच बसवा.

टाकीतलं घाण पाणी व्हाळात ओतू नये. फडक्यातून गाळून माडाच्या बुंध्याशी कोरड्या मातीत घालावं. मादीच्या शेपटीखाली शेकडो अंडी असतात, आणि पिल्लं इतकी लहान की पाण्याबरोबर सहज जातात.

हौस फिटली, तर प्राणी दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. मेला तर पाण्यापासून लांब खोल पुरावा. विहिरीत, तळीत, कर्ली नदीत मात्र सोडू नये. "जीव आहे, सोडून देऊया" ही दया खरी, पण तिची किंमत साऱ्या वाडीला मोजावी लागते.

पोरांना नवीन काही हवंच असेल, तर आधी मुळद्याला कोकण कृषि विद्यापीठाच्या केंद्रात जाऊन शोभिवंत माशांची माहिती घ्या. मासा टाकीतून उडाला, तरी मेर पोखरत नाही.

झाकण घट्ट ठेवा, मेर शाबूत राहील.