तेलकट प्लगची साक्ष



मोटारीच्या प्लगवर व्याख्यान काय द्यायचे, असे काहींच्या मनात आले असेल. पण नाडीपरीक्षेवरचे व्याख्यान आपण आवडीने ऐकतो. आणि जुन्या पेट्रोल इंजिनाची नाडी प्लगच्या टोकाशीच असते.

ओळखीची गाडी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, पुढे पद्मिनी म्हणून नावारूपास आलेली. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती २०२३ साली निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजून धावतात. १०८९ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन, चार सिलिंडर आणि चार प्लग.

गाडी मिस मारू लागते. प्लग काढून घासतात, पुन्हा बसवतात. आठ दिवसांनी तीच रड. मग कोणी सांगतो, 'इंजिनच उतरवा!' मालकाची पुंजी येथेच बुडते. म्हणून आधी साक्ष नीट तपासावी.

प्लग काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा, हे ओळीने मांडून ठेवावे. टोक फिकट तपकिरी असेल, तर प्रकृती उत्तम. कोरडी, मऊ काजळी असेल, तर पेट्रोल जादा जात आहे; कार्बोरेटर आणि चोक पाहावा. ओला असून पेट्रोलचा वास येतो व थोड्या वेळात सुकतो, तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल तुंबले आहे. पण काळा, चकचकीत, बोटाला चिकटणारा ओलावा न सुकणारा असेल, तर ते तेल होय.

प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सियसवर तापले म्हणजे काजळी आपोआप जळते. तेल फार आले की ही सफाई पुरी पडत नाही. चिनीमातीवर थर बसतो आणि वीज फटीतून उडी घेण्याऐवजी त्या थरावरून चोरवाटेने निघून जाते. अधिक उष्ण प्रकृतीचा प्लग घातला, तर चार दिवस निभावते. पण तेल येतच राहते, आणि लांबच्या भरधाव प्रवासात अवेळी पेट घेऊन पिस्टनला इजा होण्याचे भय असते.

तेल येते कोठून? प्रथम तेलाची पट्टी पाहावी. तेल जादा भरलेले नाही ना? मग ब्रीदरची नळी तुंबली नाही ना, हे पाहावे. याला खर्च नाही. नंतर धूर पाहावा. खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये, पाय उचलून उतरावा आणि खोपोलीस ॲक्सिलरेटर दाबावा. तेव्हा निळ्या धुराचा लोट निघाला, तर संशय वॉल्व्हच्या गाईडवर. कारण बंद थ्रॉटलमागची ओढ तेथून तेल खेचते. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर.

शेवटी कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन तोडलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, अशा स्थितीत स्टार्टर फिरवून दाब मोजावा. कमी भरल्यास त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर रिंगा किंवा बोअर झिजले. न वाढला, तर वॉल्व्ह वा हेड गॅस्केट गळते. दाब चांगला असूनही प्लग तेलकट, तर बहुधा गाईड. मात्र तेल खरवडणारी रिंग अडकली असली तरीही असेच दिसते. म्हणून धुराची साक्ष सोडू नये.

गाईडसाठी हेड उतरवणे पुरते. रिंगांसाठी पिस्टन काढावे लागतात. खर्चातला हा फरक दोन दिवसांच्या तपासणीने कळतो. प्लग बदलणे म्हणजे साक्षीदाराला हाकलणे. गुन्हेगार घरातच राहतो. आधी निदान, मग पाना, एवढेच आमचे सांगणे.